क्ले एलमची जुनी स्नोमोबाइल

बेलव्ह्यूच्या आमच्या घरून निघालो तेव्हा पाऊस पडत होता. आमच्याकडे तो नोव्हेंबरात सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. माझा नवरा मिलिंद गाडी चालवत होता आणि मी रस्त्याची छापील पानं मांडीवर घेऊन बसले होते. स्नोक्वालमीची खिंड ओलांडली की पलीकडे क्ले एलम नावाचं छोटं गाव लागतं. तिथल्या वॉल्ट नावाच्या गृहस्थांना आपली जुनी स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी, मोटारसायकलसारखी गाडी) विकायची होती, आणि ती मला हवी होती.

मी नागपूरची. आमच्या गावी उन्हाळ्याचं कौतुक कोणी सांगायला नको. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीनिमित्त या देशात आल्यावर. आदल्या वर्षी, म्हणजे २००५च्या हिवाळ्यात, ऑफिसच्या टीमबरोबर सहलीला गेले होते. तिथे भाड्याच्या स्नोमोबाइल घेऊन आम्ही आखलेल्या सपाट वाटेवरून एकामागोमाग एक फिरलो. बाकीचे तासाभरात कंटाळले. मला मात्र वर उतारावर, कुठलीच वाट नसलेल्या बर्फात, कोणीतरी काढलेल्या वळणदार रेघा दिसल्या. गाइडला विचारलं, तर तो म्हणाला की त्यासाठी डोंगरी गाडी लागते. तिचा खालचा पट्टा लांब असतो, अंग अरुंद असतं, आणि ती भुसभुशीत बर्फात बुडत नाही. मिलिंद पुण्याचा आणि स्वभावाने शांत. त्याला वाटलं, माझा पॉटरीचा क्लास सुटला तसं हेही सुटेल. वर्ष गेलं तरी सुटलं नाही, तेव्हा एका शनिवारी त्यानेच गाडी काढली.

खिंडीत पावसाचा बर्फ झाला आणि पलीकडे उतरलो तर लख्ख ऊन. वॉल्टचं घर गावाबाहेर, पाइनच्या झाडांत होतं. घरामागे लाकडी कोठार आणि त्यापलीकडे बर्फाने भरलेलं माळरान. वॉल्ट साठी उलटलेले, दाराच्या चौकटीत वाकून येणारे उंच गृहस्थ. आयुष्यभर जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होते. त्यांची बायको जोन गावातल्या बेकरीत काम करायची. वॉल्टनी नुकतीच नवी स्लेड (तिथली मंडळी स्नोमोबाइलला असंच म्हणतात) घेतली होती, म्हणून जुनी काढायची होती.

ती कोठारात उभी होती. निळा रंग उडालेला, सीट चिकटपट्टीने जोडलेली, पण इंजिन दोरी ओढताच सुरू झालं. पेट्रोल आणि तेलाच्या धुराचा वास सगळीकडे भरला. मला ती तिथल्या तिथे आवडली आणि मी ते लपवलंही नाही.

वॉल्टनी मात्र व्यवहाराचं काहीच काढलं नाही. मी किती वेळा चालवली आहे, कुठे, कोणाबरोबर, एवढंच विचारत राहिले. माझी उत्तरं लवकर संपली. मग ते स्लेडवर बसले, माळावर गेले आणि जिथे बर्फ सगळ्यात खोल होता तिथे त्यांनी मुद्दाम ती कमरेइतकी रुतवली. चालत परत येऊन त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं.

"ती बाहेर काढ. मग बोलू," ते म्हणाले.

मिलिंद पुढे झाला, तर त्यांनी त्याला हाताने अडवलं.

मी आधी खणलं, मग बसून जोरात अॅक्सिलरेटर दाबला. पट्टा गरगर फिरला आणि स्लेड आणखी खाली गेली. पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि माझे बूट बर्फाने भरले होते. वॉल्ट कुंपणाला टेकून उभे होते. ते फक्त एकदा बोलले, "गाडीवर चिडू नकोस. तिच्यासमोरचा बर्फ बघ." मग माझ्या लक्षात आलं. मी समोरचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट केला, गाडीला ढकलून एका कुशीवर पाडलं, पट्ट्याखाली झालेल्या खड्ड्यात बर्फ भरला आणि पुन्हा उभी केली. यावेळी अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबला. ती म्हशीसारखी सावकाश उठली आणि बाहेर आली. इतकं छान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जेवायला जोनने आग्रहाने बसवलं. त्यांच्यासाठी एल्कचं (सांबरासारखं मोठं हरीण) मटण शिजलं होतं. मी खाल्लं. मिलिंद शाकाहारी आहे म्हटल्यावर जोनने त्याला चीज घालून भाजलेला ब्रेड आणि टोमॅटोचं सूप करून दिलं. शेवटी हकलबेरीचा (डोंगरात उगवणारं, करवंदासारखं आंबटगोड रानफळ) पाय नावाचा, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ आला. तो खाताना वॉल्टनी सांगितलं की काही वर्षांपूर्वी त्यांनी एक स्लेड गावातल्याच एका तरुणाला विकली होती. तो पहिल्याच हिवाळ्यात हिमलोटाखाली (डोंगरउतारावरून सुटून येणारा बर्फाचा लोंढा) गेला.

"त्याला काही येतं का, हे मी विचारलंच नव्हतं," ते म्हणाले. जोनने त्यांच्या कपात कॉफी ओतली.

स्लेड विकायला त्यांची अट होती की आधी मी हिमलोटापासून बचाव शिकवणारा वर्ग करायचा आणि पहिला हिवाळा एकटीने वर जायचं नाही. मी कबूल केलं. आमच्या अपार्टमेंटला गॅरेज नव्हतं, तर स्लेड त्यांच्याच कोठारात राहील असंही ठरलं.

पुढचे काही शनिवार आम्ही त्या कोठारात काढले. जुन्या पट्ट्याचे रबरी दात झिजले होते, म्हणून जास्त उंच दातांचा नवा पट्टा मागवला. बर्फात तो वल्ह्यासारखा चालतो. स्प्रिंगा वॉल्टच्या वजनाच्या होत्या. माझ्यासारखीला त्या पाटासारख्या कडक लागत, म्हणून नरम घातल्या. हँडलची गंमत वेगळीच. डोंगरात उभं राहून चालवावं लागतं, तेव्हा सगळे लोक हँडल वाढवून घेतात. वॉल्टनीही वाढवलं होतं. माझ्या उंचीला ते हनुवटीशी येई. वॉल्ट म्हणाले, हँडल उतरवायला मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पकडीला ऊब देणारी तार तुटली होती. ती मिलिंदने जोडली, कारण वॉल्टची जाड बोटं तिथवर पोचत नव्हती. पहिल्या शनिवारी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसलेला मिलिंद तिसऱ्या शनिवारी कोपरापर्यंत काळा झाला होता. "यार, हे प्रोग्रॅमिंगपेक्षा बरं आहे. चुकलं की लगेच दिसतं," तो म्हणाला. आम्ही घरून चिवडा न्यायचो. जोनला तो इतका आवडला की ती तो सूपवर पेरून खाऊ लागली.

वर्ग झाला आणि फेब्रुवारीत एका निरभ्र सकाळी मी आणि वॉल्ट वर निघालो. मिलिंद खाली, जिथे मोकळा रस्ता संपतो, तिथे गाडीपाशी थांबणार होता.

जंगलातली वाट चढत गेली आणि झाडं विरळ झाली. फांद्या बर्फाने इतक्या लवल्या होत्या की झाडं पाठमोरी बसलेल्या माणसांसारखी दिसत. मग एकदम मोकळं पठार आलं. समोर माउंट स्टुअर्टचे राखाडी कडे, दूर नैर्ऋत्येला माउंट रेनियरचा पांढरा घुमट. वॉल्टनी हाताने खूण केली आणि मी वाट सोडली. पावडरमध्ये (ताजा, पिठासारखा बर्फ) स्लेड जमिनीला लागतच नाही. वजन एका पायावर टाकलं की ती कलते आणि वळते. बर्फ छातीपर्यंत उडत होता. वळून पाहिलं तर माझ्यामागे तशीच एक रेघ उमटली होती. तितकी सफाईदार नव्हती, पण माझी होती.

कड्याच्या आडोशाला बसून आम्ही मेथीचे पराठे खाल्ले आणि थर्मासमधला चहा प्यालो. तोवर पश्चिमेकडून ढग यायला लागले, म्हणून निघालो.

उतरताना एक घळ ओलांडायची होती. खाली ओढा होता, पण वरून नुसता सपाट बर्फ दिसत होता. वॉल्ट पुढे होते. त्यांच्याखालचा बर्फ खचला, स्लेडचं नाक आत गेलं आणि ते बाजूला फेकले गेले. मी धावत पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते, पण उजव्या पायावर भार देता येत नव्हता. फोनला सिग्नल नव्हता. त्यांची स्लेड आम्हाला हलणारही नव्हती.

ते शांतपणे म्हणाले, "मला झाडाखाली बसव आणि खाली जाऊन माणसं आण."

ढग तोवर पठारावर उतरले होते. मी खाली पोचून माणसं जमवून येईपर्यंत आमच्या खुणा दिसतील की नाही, याची मला खात्री वाटेना. अशी स्लेड एकट्यासाठीच केलेली असते, हे मलाही माहीत होतं. तरी मी म्हटलं, "नाही. तुम्ही मागे बसा, मी उभी राहून चालवते."

त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

उतरायला फार वेळ लागला. दोघांच्या वजनाने नरम स्प्रिंगा प्रत्येक उंचवट्यावर आपटत होत्या, आणि दर आपटण्याला मागून दबलेला श्वास ऐकू येई. सकाळच्या आमच्याच खुणा धुक्यात हाताच्या अंतरावर तेवढ्या दिसत. एके ठिकाणी आम्ही रुतलो. मी वॉल्टना उतरवून पाठपिशवीवर बसवलं, समोरचा बर्फ तुडवला, स्लेड कुशीवर पाडली.  परत बसताना त्यांनी माझी पाठ थोपटली.

मिलिंद रस्त्यावर उभा होता, दोन्ही हात डोक्यावर. त्याने आधी मला धरलं आणि मग वॉल्टना. एलेन्सबर्गच्या इस्पितळात पायाचा एक्स-रे काढला. घोट्याचं हाड मोडलं होतं, पण ऑपरेशनची गरज नव्हती. जोन धावत आली. वॉल्ट तिला म्हणाले की मुलगी चालवते बरी, पण ब्रेक फार लावते. ती रडता रडता हसली. त्यांची स्लेड नंतर गावातल्या मित्रांनी दोरांनी ओढून काढली.

आम्ही परत निघालो तेव्हा संध्याकाळ होत होती. खिंडीनंतर बर्फाचा पुन्हा पाऊस झाला.  मिलिंद म्हणाला की उन्हाळ्यात त्या इंजिनचं क्लीनिंग करून ठेवायला हवं, आणि वॉल्टचा पाय बरा होईपर्यंत त्यांच्या दारासमोरचा बर्फ आपण काढू.

व्हिसावर राहणारी माणसं वस्तू विशिष्ट प्रकारे घेतात. सोफा घेताना, टीव्ही घेताना, पलंग घेतानासुद्धा आम्ही एकमेकांना विचारायचो की अचानक परत जायची वेळ आली तर हे कोण घेईल. त्यामुळे आमच्या घरात आठवड्याभरात विकता येणार नाही असं काहीच नव्हतं. या स्लेडच्या वेळी तो प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारला नाही, हे त्या परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं.

मागे एका मैत्रिणीने विचारलं, ग्रीन कार्ड आलं का. म्हटलं, नाही अजून. पण डोंगरापलीकडे आमची माणसं आहेत, आणि थंडी पडली की आम्ही तिकडे जातो.