दोराचं दुसरं टोक

काम हातात घेण्याआधी भाऊ पंपाला कान लावायचे. दांडा हळूच खालीवर करायचे आणि म्हणायचे, "घसा बसलाय ह्याचा. पावसाळ्यात लय बोलला वाटतं." तुंगार्लीच्या बंगल्यांत तुम्ही कधी राहिला असाल, तर विहिरीपाशी वाकलेला हा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

सुरुवातीला आम्ही दोघे लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होतो. बंगल्यांची कामं रविवारी. विहिरीतून पंपाचा पाइप वर काढायचा तर दोन माणसं लागतात. एकानं कप्पीवरून दोर ओढून धरायचा, दुसऱ्यानं पान्यानं सांधा सोडवायचा. दोर माझ्याकडे, पाना भाऊंकडे.

एकदा ते म्हणाले, "रविवारी येवढं काम मिळतं, मग बाकीचे दिवस सायबाला कशापायी द्यायचे? दोघं मिळून सोडू."

मी "व्हय" म्हणालो. दोघांनी एकदमच साहेबापुढे उभं राहायचं ठरलं.

भाऊंनी नोकरी सोडतो म्हणून सांगून टाकलं. साहेबानं माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझं काय?"

मी दोन दिवसांची रजा मागितली.

बाहेर आल्यावर भाऊ पोट धरून हसले. "बायकोला इचारायचं ऱ्हायलं व्हय? घे रजा. मग ये."

मी गेलो नाही. रजा संपली आणि शेडमध्ये हजर झालो. पुढच्या आठवड्यात तुंगार्लीच्या वाटेवर भाऊ दिसले. मागून वहिनी चालल्या होत्या, खांद्यावर दोराचं वेटोळं. मी झाडाआड झालो. पुढची कित्येक वर्षं तो दोर वहिनींनीच ओढला.

मग शेडमध्ये माणसं कमी केली, त्यात मी गेलो. भाऊंच्या दारात जाऊन उभा राहिलो. भाऊ आत वळून म्हणाले, "अगं, ह्याची रजा संपली बघ. च्या टाक."

भाऊंना मूठमाती देऊन आता दोन पावसाळे झाले. कामं मीच करतो. बंगलेवाले मला 'भाऊंचा माणूस' म्हणतात. परवा वहिनींकडे गेलो होतो, तर एका बंगल्याचा माळी मला बोलवायला तिथंच आला. बोलता बोलता म्हणाला, "तुमी दोघांनी एकदमच नोकरी सोडली न्हवं?"

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे, आणि दर वेळी मी "व्हय" म्हणत आलो. त्या दिवशीही म्हणालो.

राठ झालेले दोन्ही हात वहिनींनी पदराखाली घेतले.