आईबरोबर पाहिलेले दोन पिक्चर

अठरावं सरलं त्या वर्षी मी हट्टच धरला. कर्जतच्या थेटरात पोस्टरवर मोठा ‘ए’ छापलेला पिक्चर लागला होता. बाबांनी कधीच पाठवलं नसतं, म्हणून ते कामावर असताना आई आणि मी भिसेगावातून दुपारच्या खेळाला चालत निघालो. दारावरच्या माणसानं माझं वय विचारलं. आई म्हणाली, "हिला स्थळं बघतोय आमी, आन तुमी वय काय इचारता?"

आत दोन खून झाले, एक बाई पावसात भिजली. आईला मध्यंतराआधीच झोप लागली.

पुढच्या महिन्यातला पिक्चर सगळ्यांसाठी होता. पुढच्या बाकांवर पोरं शेंगा खात बसली होती. पडद्यावर फारसं काही घडतच नव्हतं. बाई नवऱ्याला वाढते. तो मुकाट जेवतो, हात धुतो, उठून जातो. ती त्याच ताटात आपली भाकरी घेते. पोरं कंटाळून शिट्ट्या मारू लागली. आईनं मात्र माझं मनगट घट्ट धरलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

परतताना ती म्हणाली, "असला पिक्चर पोरांना कसा दाखवतात गं?"

"का? काय होतं त्यात?"

तिनं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "तू सा महिन्यांची व्हतीस. तुला घेऊन मी घरातनं निघाले व्हते. नेरळपर्यंत."

"बाबांनी मारलं होतं?"

"नाय गं. कदी हात नाय उचलला. बोलायचेच नाय. दिस दिस घरात माझा आवाज मलाच ऐकू यायचा. टेशनात बाकावर बसले दुपारभर. तू रडाय लागलीस, तशी परत फिरले. ते यायच्या आत चूल पेटवली."

"त्यांना कळलं?"

"कुनालाच नाय. आज तुला सांगितलं."

तिच्या हातातली पिशवी मी घेतली, एवढंच. पण त्या संध्याकाळपासून ती भाकऱ्या थापता थापता मला मनातलं सांगू लागली, माझंही ऐकून घेऊ लागली.

वर्षभरात लग्न होऊन मी लोधिवलीला गेले. माहेरी आले की आम्ही पिक्चरला जायचो, आणि खरं बोलणं परतीच्या वाटेवर व्हायचं. पुढं तिचे गुडघे गेले, आणि काही वर्षांनी तीही गेली.

त्या दिवशी नेरळहून पुढं ती कुठं जाणार होती, हे मी विचारलंच नाही. अठराव्या वर्षी सुचलं नाही. आज तिच्याजवळ बसून, घाई न करता विचारलं असतं.