रेवदंड्याला हवा खायला

लोणावळ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट शेवटपर्यंत कळत नाही, ती म्हणजे लोक इथे नेमके कशाला येतात. मुंबईची गाडी आली की शेठाण्या उतरायच्या, मागे हमाल, वळकट्या, पाण्याच्या सुरया, कधी सोबत स्वयंपाकीसुद्धा. विचारलं तर सांगायच्या, हवा खायला आलो. ती हवा आम्ही जन्मापासून फुकट खात होतो आणि तिच्यात खाण्यासारखं काय असतं ते कुणाला उमगलं नव्हतं. श्रावणात त्याच हवेनं मिठाचं पाणी होई आणि पापडांना बुरशी चढे. तेव्हा मात्र एकही शेठाणी इकडे फिरकत नसे.

एका वर्षी आमच्या ह्यांच्या डोक्यात भरलं, की आपणही कुठेतरी जाऊन हवा खायची. हे रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते. शेडमधला त्यांचा एक सोबती रेवदंड्याचा. तिथल्या किल्ल्याच्या तटाच्या आत त्याची नारळी-पोफळीची वाडी होती आणि म्हातारी आई एकटी राहून ती बघायची. "फिरंग्यांचं गाव आहे, समुद्र आहे, आईलाही सोबत होईल, जाऊन या," असं तो येता-जाता म्हणे. म्हणायला काय जातं! पण आमच्या ह्यांनी ते खरं धरलं आणि माघात रजा टाकली.

अडचण होती ती आत्याची. आत्या म्हणजे ह्यांच्या वडिलांची बहीण. तिचं सासर लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतलं. विजेसाठी धरण बांधलं तेव्हा ते अख्खं गाव पाण्याखाली गेलं. घरं गेली, देऊळ गेलं, आंबेमोहोराची खाचरं गेली. नवरा आधीच वारला होता. डोक्यावर चार भांडी घेऊन ती भावाच्या दारात आली, आणि पुढे भावजय गेल्यावर ह्यांना तिनंच लहानाचं मोठं केलं. माझ्यावर तर ती सासूपेक्षा दुप्पट डाफरायची, आणि माया करायची तीही दुप्पट.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की तिच्या गावची माणसं जिथे पांगली होती तिथून गोळा व्हायची. गाळातून देवळाचा चौथरा वर येई. त्याच्यापुढे नारळ फोडायचा, ज्याच्या त्याच्या बांधावर बसून भाकरी खायची आणि परतायचं, अशी त्यांची रीतच पडून गेली होती. आत्या एकदाही गेली नाही. बोलवायला येणाऱ्यांना ती दारातूनच सांगे, "मेलेलं मानूस दर साली उकरून बघायचं आन् परत पुरायचं, ह्यो कुटला धरम?" आणि पुन्हा ताटात भात पडला की वरच्या खाचरातल्या भाताचा वास कसा यायचा हे ऐकवल्याशिवाय तिचा घास उतरत नसे. मला तिची काळजी वाटायची. वय होत चाललं होतं. ते रान डोळ्यांनी न बघता ही गेली, तर हिचा जीव तिथेच घुटमळत राहील, असं मला अगदी खरोखर वाटे.

रेवदंड्याचं नाव काढल्यावर ती माझ्यावरच उखडली. "पानी बघाया जायचं? मी? येवढ्या लांब?"

"फिरंग्यांचे वाडेही आहेत आत्या, पडलेले," हे म्हणाले.

"फिरंगी म्हंजी सायबाच्या आदीचं सायबच ना रं? कुटं गेलं ते?"

"मराठ्यांनी घालवले. दोनशे वर्षं होत आली."

"जमिनी सोडून?"

"सगळं सोडून."

आत्यानं वलणीवरचं लुगडं ओढून घडी घालायला घेतलं. "मंग येते," म्हणाली.

सर्व्हिस मोटारीनं घाट उतरलो, खोपोलीवरून पेण, आणि तिथून धरमतरची खाडी. खाडी होडीतून ओलांडायची. आत्यानं होडीत पाय ठेवताच पदर तोंडावरून असा ओढला, की नावाडी मला हळूच विचारू लागला, "नवी नवरी हाय का काय?" मी हसले, तर पदराआडून माझ्या मांडीला चिमटा बसला. पैलतीराला उतरेपर्यंत तिनं पाण्याकडे पाहिलं नाही. पुढे अलिबाग, आणि तिथून टांग्यानं रेवदंडा. अंगातलं हाड न् हाड मोजून घ्यावं असा तो टांगा होता.

पण गाव बघितलं आणि शीण गेला. तटाच्या दरवाजातून आत शिरलो तर किल्ला कुठेच नाही, नुसत्या वाड्या! नारळी, पोफळी, पाटाचं पाणी, करकरणारे रहाट. त्या हिरवाईत मधेच कुठे एखादी उंचच उंच भिंत, कुठे कमान, कुठे छप्पर उडालेलं देऊळ. फिरंग्यांचं देऊळ हो, आपलं नव्हे. ह्यांना न विचारता माहिती द्यायची खोड. इथे त्यांचा मोठा अंमलदार राही, इथे पाद्री राहत, असं बोट दाखवून सांगत सुटले. त्यांना हे कुणी सांगितलं होतं ते देवालाच ठाऊक. मी पाहुणीच होते, त्यामुळे सगळ्याला मान डोलावली. लोणावळ्यात शेठाण्या अशाच मान डोलावत हिंडताना बघून मी किती हसले होते!

त्या सोबत्याच्या आईला आम्ही मावशी म्हणू लागलो. तिच्या घराला लागूनच बिनछपराचं एक फिरंगी देऊळ होतं आणि त्याच्या फरसबंदीवर तिनं सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. भिंतीतल्या कोनाड्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. आत्या त्या सुपाऱ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं चारी भिंतींवरून डोळे फिरवले.

"आन् ही जागा आता तुमची?" तिनं मावशीला विचारलं.

"आमचीच की. सासऱ्याच्या आज्यापासनं."

आत्याच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी तिच्या भाच्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सोलकढीच्या दोन वाट्या जास्त प्यायली, आणि नारळाच्या दुधातली मासळी खाऊन "बरी हाय" म्हणाली. आत्याच्या तोंडून बरी निघालं म्हणजे समजायचं, पंगत जिंकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कशीबशी किनाऱ्यावर नेली. ती आली, पण समुद्राकडे पाठ करून वाळूत बसली आणि तटाकडे बघत राहिली. पाणी तेव्हा खूप लांब होतं. जवळच ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत कुणा कोळणीचं तान्हं फडक्यावर निजलं होतं आणि त्याची आई पलीकडे जाळं सोडवत होती. हे आणि मी वाळूतले शंख वेचायच्या नादात पुढे गेलो. तिशी उलटलेला फिटर शंख वेचतो आहे, हे शेडमध्ये कळलं असतं तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तेवढ्यात मागून आत्याची आरोळी आली. "पानी चढलं! पळा रं, वर पळा!"

मावळात एक गोष्ट पोराटोरांना दुधाबरोबर पाजतात. आभाळ कोरडं असताना ओढ्याचं पाणी चढायला लागलं, तर वर डोंगरात कोसळलं आहे हे ओळखायचं, आणि विचार करत बसायचं नाही. हाताला येईल ते जित्राब, हाताला येईल ते लेकरू उचलायचं आणि उंचावर पळायचं. आत्याच्या कानावर लाटेचा आवाज जवळ आला. तिनं वळून बघितलं, तर मघाशी लांब असलेलं पाणी होडीच्या रोखानं येत होतं आणि आभाळ निरभ्र. तिनं ते तान्हं उचललं आणि ओचा खोचून तटाच्या दिशेनं जी धूम ठोकली, की बघतच राहावं. मागे लेकराची आई किंचाळत, तिच्यामागे आम्ही, आणि आमच्यामागे गावातली दोन कुत्री.

तटापाशी कोळणीनं तिला गाठलं आणि लेकरू हिसकावून घेतलं. तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. मी हात जोडून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती बाई गप्प झाली आणि मग पोट धरून हसायला लागली. "अगं माय, ही भरती हाय! रोजचीच हाय ही. दिसातनं दोनदा पानी येतं आन् दोनदा जातं."

आत्याची धाप अजून थांबली नव्हती. "जातं? कुटं जातं?"

"कुटं म्हंजे? माघारी."

"समदं?"

"समदं."

भोवती जमलेले हसत होते, ह्यांनाही हसू आवरेना. मला मात्र एकदम रडू आलं. पाणी माघारी जातं, हे असं हसत हसत आत्याला इतक्या वर्षांत कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

सकाळी उठून बघते तर आत्या अंथरुणात नाही. किनाऱ्यावर गेले. ती समुद्राकडे तोंड करून बसली होती. ओहोटी लागली होती. पाणी हटत होतं तशी ओली जमीन मोकळी होत होती, आणि पाण्याच्या मागोमाग कोळणी टोपल्या घेऊन उतरत होत्या. जमीन वाळायची वाट कुणी बघत नव्हतं. घोट्याएवढ्या पाण्यातच वाकून वाळू उकरत होत्या, शिंपल्या काढत होत्या, एकमेकींना टोमणे मारत होत्या. कालची ती कोळीणही त्यांत होती. आत्या उठली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि सरळ तिच्यापाशी गेली.

"बाई, पानी परत येनार म्हाईत असून बी येवढं उकरता?"

"येनार म्हनून तर घाई," ती मान वर न करता म्हणाली. "तवर ही जागा आमची."

आत्यानं पायाखालची ओली वाळू अंगठ्यानं दाबून बघितली. मग खाली वाकली आणि तिनं वाळूत हात घातला. मला फार बरं वाटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं, पण इतकं बरं मला आमच्या लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. दुपारी तिच्या ओच्यातून मूठभर शिंपल्या निघाल्या आणि तिनं मावशीला त्या निराळ्या शिजवायला लावल्या.

घरी आल्यावर ती महिनाभर या विषयावर चकार शब्द बोलली नाही. फाल्गुन लागला. एका सकाळी चुलीपाशी येऊन म्हणाली, "सूनबाय, काकडीचं बी हाय का घरात? आन् खुरपं घे. माज्या रानात जायचंय."

धरणाचं पाणी निम्म्यावर आलं होतं. काठावरून गाळ तुडवत आम्ही खाली उतरलो. तिनं कुणाला वाट विचारली नाही. हिरड्याचं एक काळं पडलेलं खोड दिसलं, तिथून डावीकडे वळली, आणि एका बुजलेल्या बांधावर जाऊन बसली. तिथे ती पोटभर रडली. मीही तिच्याजवळ बसून रडले. मग तिनं नाक पुसलं आणि मला दटावलं, "आता खुरपं चालीव. येळ थोडा हाय."

तो गाळ लोण्यासारखा मऊ होता. कुणी कधी नांगरला नाही, कुणी कधी खत घातलं नाही, आणि वेल असे फोफावले, की नारळ फोडायला आलेले तिचे गाववाले आपापल्या बांधावरची भाकरी हातात घेऊन बघायलाच आले. आधी त्यांनी तिला वेड्यात काढलं. मग एकीनं भोपळ्याचं बी मागून घेतलं, दुसऱ्यानं घेवड्याचं. वैशाखात तिथे चार-पाच हिरवे तुकडे दिसू लागले. आत्या त्या सगळ्यांवर पाटलिणीसारखी ओरडत हिंडायची.

एका सकाळी धरणाचा पहारेकरी काठी टेकत खाली आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वरून विचारणा झाली असावी. "आजी, ही जागा धरणाची आहे," तो म्हणाला. "उठा इथून."

आत्यानं वेलातली एक कोवळी काकडी खुडली, पदराला पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"व्हय रं बाबा, धरनाचीच हाय," ती म्हणाली. "भरती आली की उठते."