चकोर उडाले नाहीत

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग नियंत्रण रेषेवर होती. उंची साडेसात हजार फूट, अकरा माणसं, समोर खोल नाला. पोस्ट कमांडर मी, हवालदार, गाव भातकुली. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, लान्सनायक वासुदेव, गाव वलगाव. वऱ्हाडी आम्ही दोघंच. चारचौघांत तो मला साहेब म्हणे, एकटा असला की भाऊ.

नाल्यातली झुडपं पोस्टवरून नीट दिसत नसत. तिथे चकोर राहायचे. आपल्याकडच्या तितरासारखा पक्षी, अंगाने जरा भरलेला. नाल्यात माणूस शिरला की सगळा थवा फडफडत उठायचा. वासूने हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. त्याचं लहानपण ज्वारीच्या वावरात मचाणासारख्या माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकलण्यात गेलं होतं. रोज सकाळी सहा दहाला तो दोन जवान घेऊन नाल्यातली वाट तपासायला निघे. नाल्याच्या अलीकडे थांबून रेडिओवर विचारी, "पाखरं काय म्हनतात?" मी वरून दुर्बिणीने बघून सांगायचो. मगच तो उतरायचा.

त्या वर्षी मार्चमध्ये माझी आई गेली. रस्ता बर्फाने बंद, हेलिकॉप्टर नाही. दहाव्याला मी पोस्टबाहेर एका दगडावर भात ठेवला. कावळा आला नाही. नाल्यातून एक चकोर आला आणि त्याने तो भात खाल्ला. मी बघत बसलो. दहा दिवसांत पहिल्यांदा छाती हलकी झाली. दुसऱ्या दिवशीही भात ठेवला. मग रोजच. महिन्याभरात थवा माझ्यापासून पाच हातांवर येऊन चरू लागला. मी हललो तरी मान वर करत नसे.

वासूला ते आवडलं नाही.

"भाऊ, पाखरायले भात नोका टाकू."

"काहून बे?"

"मानसाले भ्याचं सोडून देतीन ते. मंग नाल्यात कोनी आलं तं आपल्याले सांगन कोन?"

"तू फौजी हाये का वावरातला रखवालदार?"

"दोन्ही एकच हाये, भाऊ."

मी हसलो. आठवड्याने त्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा हसलो नाही. म्हणालो, "लान्सनायक, अपना काम करो." मराठी सोडून हिंदीत बोललो, म्हणजे हुकूम दिला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

मेमधली सकाळ. आभाळ स्वच्छ. सहा दहाला रेडिओ वाजला.

"पाखरं काय म्हनतात? ओव्हर."

मी दुर्बीण लावली. थवा नाल्याच्या काठावर होता.

"बसले हायेत. चरून राहिले. ऑल क्लियर. ओव्हर."

"रॉजर. मूव्हिंग."

सहा चौदाला नाल्यातल्या झुडपांतून पहिली फैर झडली. चकोर तेव्हा उडाले.

चकमक सव्वीस मिनिटं चालली. दोन जवान परत आले, त्यातला एक दंडात गोळी घेऊन. वासूला आणायला मी गेलो.

चौकशीत मला विचारलं, आधी काही हालचाल दिसली का? मी म्हणालो, "नो मूव्हमेंट, सर." वाक्य खरं होतं. भाताबद्दल कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भातामुळेच चकोर बसून राहिले, हे सिद्ध करता येणार नाही. या एका वाक्याच्या आड मी नऊ वर्षं लपून काढली.

गेल्या महिन्यात अमरावतीत आम्हा माजी सैनिकांचा एक कार्यक्रम झाला. वक्ता म्हणाला, मन जड झालं की निसर्गाकडे जा, पाखरांना दाणे घाला, बघा कसं बरं वाटतं. शेवटी प्रत्येकाला दाण्यांसाठी मातीचं भांडं वाटलं. मी माझं भांडं फरशीवर आपटलं. लोक घाबरले. माझा राग त्या वक्त्यावर नव्हता, असं लिहिणं सोपं आहे. होता. कारण तो खोटं बोलत नव्हता. मला खरोखर बरं वाटलं होतं. आणि त्या बरं वाटण्यात वासू मेला.

तिथून सरळ वलगावला गेलो. वासूचे वडील ऐंशीला टेकलेत. दरवर्षी मी त्यांच्याकडे जायचो, चहा घ्यायचो, वासूच्या फोटोला हात जोडायचो, परतायचो. या वेळी चहाच्या आधी सगळं सांगितलं.

त्यांनी वासूच्या फोटोकडे पाहिलं. मग विचारलं, "वासूनं मना केलं होतं तुले?"

"हो काका. दोनदा."

"मंग काहून नाई आयकलं?"

"मी मोठा होतो, काका. हवालदार."

"नऊ वर्सं माह्या घरचा चहा पेला तू!" ते ओरडले. "नऊ वर्सं! तवा जीभ झडली होती तुही?"

मी सावधान उभा राहिलो.

ते उठले, आत गेले. खुंटीवरची गोफण आणून माझ्या पायाशी टाकली.

"पाखरायपायी गावात ज्वारी कोनी पेरत नाई आता. म्या दोन एकर पेरली हाये. राखाले मानूस नाई. सकाळी ये." मी वळलो तेव्हा मागून म्हणाले, "अन् दाने टाकशीन तं याद राख."

तेव्हापासून रोज सकाळी सहाला मी त्यांच्या वावरात माळ्यावर असतो. कणसं दाण्यात आली आहेत. गोफण मला अजून नीट जमत नाही. दगड भलतीकडेच जातो, मग मी ओरडतो. नऊ वर्षांत ज्या शिव्या कोणाला देता आल्या नाहीत, त्या पाखरांना देतो. थवा उठतो, वावरावरून एक वळण घेतो, दुसऱ्या टोकाला बसतो. मी पुन्हा ओरडतो. काका धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, जाताना बघतात. मला शांती वगैरे मिळालेली नाही. मिळावी असं वाटतही नाही. पाखरं मला भितात, एवढं पुरे आहे.

सहा दहाला हात थांबवतो. खाली वाटेवर कोणी उभं नसतं. तरी सांगतो.

"उडाले, वासू. सगळे उडाले. थांब तिथंच."