बाद नळी

तीर्थक्षेत्री नदीकाठच्या भोसले घाटावरच्या गल्लीत, पौरोहित्य करणाऱ्या घरात वेणीमाधव जन्मला, पण त्याचं मन यंत्रांत रमायचं. वडिलांच्या आसनावर थोरला भाऊ ढुंढिराज बसला आणि हा फौजेत आर्मरर झाला. शस्त्रं तपासायची, दुरुस्त करायची, हे त्याचं काम.

मशीनगनवर त्याचा फार जीव. मूळ घडण बेल्जियमची, पण आपल्याकडे कानपूरला बनायची. जवानांना तो कौतुकाने सांगे, आधीची विकर्स पाण्याने थंड ठेवावी लागायची, हलवायची म्हटलं की तीन-चार माणसं लागत. ही दोन पायांवर टेकवा, एकटा गडी घेऊन पळेल. तिपाईवर चढवा, हीच लांबवर, बराच वेळ मारा करेल. फक्त नळी तापते, म्हणून गनबरोबर दुसरी नळी असते आणि ती वेळेवर बदलावी लागते. एरवी घोडा दाबल्यावरच गोळी नळीत शिरते, त्यामुळे धोका नाही. पण मारा करताना रोक आली, गोळी तापल्या नळीत अडकली, तर ती आपोआप उडू शकते.

एक्याण्णव साली एका गनची दुसरी नळी तडकलेली निघाली. वेणीमाधवने तिला लाल चिठ्ठी बांधली आणि नवी येईपर्यंत या गनने लांब मारा करू नये, असं लिहून मेजरसाहेबांकडे दिलं. वरिष्ठांची तपासणी दोन दिवसांवर आली होती. साहेबांनी त्याच गनचा सराव लावला.

बदलायला नळी नव्हती; गोळ्यांच्या चौथ्या पट्ट्याला तापल्या नळीत रोक आली. अमरावतीकडचा काशीनाथ गनवर होता. त्याने वरचं झाकण उघडलं आणि आतली गोळी फुटली. उजवा डोळा गेला.

चौकशीत वेणीमाधवचा कागद सापडला नाही. असा कागद आलाच नव्हता, असं साहेबांनी सांगितलं. ठपका आर्मररवर आला. हवालदाराचा नाईक झाला आणि त्याच हुद्द्यावर निवृत्त होऊन घरी आला. रामनगरला पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला. त्याने काशीनाथला दोन पत्रं लिहिली. उत्तर एकदाच आलं: ‘तुम्ही गन नीट बघितली असती तर मी आज दोन डोळ्यांनी हे लिहिलं असतं.’

सत्त्याण्णव साली पितृपक्षात तो दुपारचा घरी जेवायला आला, तर ओसरीवर मेजरसाहेब बसलेले. स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धासाठी आले होते. भाऊ तीर्थपुरोहिताची वही उघडून त्यांच्याकडून घराण्याची नावं लिहून घेत होता. साहेबांनी वेणीमाधवला ओळखलं. भाऊ पिंडांची तयारी बघायला आत गेला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुझा कागद मी वाचला होता, वेणीमाधव. पण तपासणी तोंडावर होती. माझाही नाइलाज होता."

वेणीमाधव उभाच होता. "साहेब, एवढंच लिहून द्या. फौजेला दाखवणार नाही. काशीनाथला पाठवायचंय."

"आता त्याचा काय उपयोग?"

"त्याला वाटतं, मी त्याचा डोळा घालवला."

साहेबांनी मान डोलावली, घरी गेल्यावर सवडीने लिहितो म्हणाले. वेणीमाधवने वहीशेजारचं पेन उचलून पुढे धरलं. तेवढ्यात ढुंढिराज बाहेर आला.

"माधव, काय चाललंय? यजमानाशी बहस करायची नाही."

वेणीमाधवने जे घडलं ते सांगितलं. भावाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, श्राद्धाच्या दिवशी हा विषय नको. मग पेन त्याच्या हातातून घेऊन साहेबांकडे दिलं. साहेबांनी वहीत वडील, आजोबा, पणजोबा, तिघांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली तारखेसह सही केली आणि घाटाकडे निघाले.

पत्र आलं नाही. सहा महिन्यांनी वेणीमाधवने ते बोलणं जसंच्या तसं लिहून काशीनाथला कळवलं. काशीनाथने पोस्टकार्डावर विचारलं, ‘साहेबांची सही कुठे आहे?’

बायको अन्नपूर्णा म्हणाली, दादांना सांगा, ते साहेबांना लिहितील. ढुंढिराज म्हणाला, पिढ्यांचा यजमान असा तोडता येत नाही. पुढच्या महिन्यात वेणीमाधवने भावाचं घर सोडून रामनगरला खोली घेतली. पुढच्या पितृपक्षात साहेबांचं कुटुंब पुन्हा आलं. ढुंढिराजने त्यांना घरी जेवू घातलं. वेणीमाधवला ते पंपाच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. तो हातातला पाना फिरवत राहिला.