नऊ हजार ओळींचे तुकडे

आई गेल्यावर वडील खुलताबादजवळच्या शेतावर राहायला गेले आणि हर्सूलच्या घरात मी एकटी उरले. नोकरी घरूनच होती. सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द व्हायचे, तेवढंच बोलणं.

त्याच काळात मी एका मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात शिरले. पडद्यावर अक्षरं मांडणारं ते सॉफ्टवेअर जगभरातले लोक हौसेनं, आपापल्या घरून लिहायचे. मराठी जोडाक्षरं त्यात ओळीच्या शेवटी मधूनच तुटायची. ओळ तोडणारा सगळा भागच मी नव्यानं लिहायला घेतला. सात महिने, कुणालाही न विचारता. नऊ हजार ओळी झाल्या. एका सकाळी सगळं एकदम पाठवून दिलं आणि शाबासकीची वाट बघत बसले.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. कोड तपासणाऱ्या बाई फिनलंडमध्ये राहायच्या. त्यांनी लिहिलं होतं, "एवढं एकदम आत घेता येणार नाही. काही बिघडलं तर चूक कुठं आहे ते तुम्हालाही सापडणार नाही. तुकडे करा. जुनं चालू राहू द्या, नवं शेजारी ठेवा पण वापरणाऱ्यांसाठी बंद, आणि दोन्हींची उत्तरं जुळतात का ते बघत चला."

मला रडू आलं. वडिलांना फोन करून सगळं सांगितलं.

"किती लोकांचं काम हाय ते?" त्यांनी विचारलं.

"शेकडो असतील."

"अन् सुरू करायच्या आधी तू कुणाला इचारलं व्हतं का?"

"नाही."

"मंग त्या बाईचं काय चुकलं?"

त्यांचा लई राग आला. तरी दुसऱ्या दिवशी पहिला तुकडा काढला, चाळीस ओळींचा.

मग ते रोजचंच झालं. मी तुकडा पाठवायचे, बाई ओळ न् ओळ वाचायच्या. "हे नाव असं का? इथं रिकामी ओळ आली तर?" इतक्या बारकाईनं माझं म्हणणं कुणी ऐकून बरेच दिवस झाले होते. हळूहळू या प्रश्नांखाली एखादं वाक्य जास्तीचं येऊ लागलं. "इथं अजून बर्फ आहे." मी कळवलं, "इथं माळ्यावरून कूलर खाली काढलाय."

सतराव्या तुकड्यानंतर तोवरचा नवा भाग सुरू केला आणि बर्मी भाषेतल्या मजकुराच्या ओळी पानाबाहेर गेल्या. तशी तक्रार आली, ती मी बाईंना कळवली. बाईंनी एवढंच लिहिलं, "आधी बंद करा, कारण नंतर शोधू." मी नवा भाग बंद केला, जुना पुन्हा चालू झाला. दुपारपर्यंत चूक सापडली. दोन शब्दांत मोकळी जागा असतेच, असं मी धरून चालले होते. बर्मीत ती नसते. तेवढ्याच चार ओळी बदलाव्या लागल्या.

शेवटचा तुकडा आत गेला, जुना कोड काढून टाकला, त्या दिवशी बाईंनी लिहिलं, "झालं. सुंदर काम. मी आता दुसऱ्या विभागात चाललेय." मी आभार मानले. दुसऱ्या सकाळी सवयीनं संगणक उघडला. निरोप नव्हता. 'कशा आहात?' असं टाइप केलं आणि पुसून टाकलं. आता तुकडाच नव्हता, मग त्याखाली ते विचारायला जागाही नव्हती.

वडिलांना सांगितलं, काम संपलं.

"मंग ये की इकडं चार दिस."

मी गेले. पिठलं-भाकरी झाली. ते बांधाकडं बघत जेवले, मी ताटाकडं. चौथ्या दिवशी बसनं परत आले.