फळीवरून दवाखान्यात

"एल-वन व्हर्टिब्रा, बर्स्ट फ्रॅक्चर," डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं. माझं तोंड बघून लगेच सोपं केलं, "कमरेच्या वरचा मणका दाबून फुटलाय. तुकडे मज्जारज्जूच्या अगदी जवळ आहेत." मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातली नस, जिच्या जोरावर पाय चालतात. मी एवढंच विचारलं, मी चालणार का?

"आज पाय हलताहेत. उद्याचं एमआरआय बघून सांगतो."

मी आरमोरीच्या एका राईस मिलमधला हमाल. ट्रकपासून धक्क्यापर्यंत आम्ही जाड लाकडी फळी टाकतो आणि धानाची पोती पाठीवर घेऊन तिच्यावरून उतरतो. त्या सकाळी फळी दवाने ओली होती. पाय सटकला, मी खाली दाणकन बसलो आणि वरून पोतं आदळलं.

"मले खांद्यावर घ्या, लवकर न्या!" मी ओरडत होतो. आमचे मुकादम किसनभाऊ कोणाला हात लावू देईनात.

"खांद्यावर माल जाते, नाई तर मढं. जित्त्या माणसाले आपण खांद्यावर घेत नाई, सुधाकर."

ही आमच्या टोळीची जुनी रीत. इकडे माझा जीव चाललाय आणि यांना रीत सुचतेय! मी त्यांना नको नको ते बोललो. त्यांनी तीच फळी आणवली, सगळ्यांनी मला सरळ धरून तिच्यावर सरकवलं, दुपट्ट्यांनी बांधलं आणि टेम्पोतून गडचिरोलीला आणलं. वाटभर मी फळीला शिव्या घातल्या.

एमआरआय म्हणजे मोठ्या नळीत निजवून काढलेले आतले फोटो. आत नुसती ठकठक चालते, पण दुखत नाही, घाबरू नका. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "नस शाबूत आहे. फळीवर कोणी बांधलं तुम्हाला? खांद्यावर टाकून आणलं असतं, तर ते तुकडे नसेत घुसले असते."

मी वर पंख्याकडे बघत ढसाढसा रडलो.

म्हणून सांगतो, पाठीला मार लागलेल्या माणसाला हातापायाला धरून उचलू नका. फळी शोधा, दार काढा, पण सरळ न्या.

ऑपरेशन टळलं. पाठीला ब्रेस, म्हणजे कडक पट्टा, आणि नुसतं पडून राहणं. माझी बायको शालू रोज पायाचं बोट दाबून विचारायची, "कोणतं?" एकदा गंमत म्हणून मी म्हटलं, "काहीच कळून नाई राह्यलं." तिच्या हातातला चहा सांडला. नर्सबाईंनी मला असं झापलं, की पुन्हा तसली गंमत केली नाही. त्याच बाईंनी पुढे मला धरून उभं केलं. त्यांचे उपकार कसे फेडू?

पट्टा बांधूनच एक दिवस मिलमध्ये गेलो. आमची फळी पुसून भिंतीला उभी होती, ट्रकला दुसरीच लावलेली.

"तू हिच्यावरून चालल्याबिगर हिच्यावर माल नाई चढवायचा, असं ठरवलं होतं आमी," किसनभाऊ म्हणाले.

त्यांनी ती जमिनीवर टाकली. शालूचा हात धरून मी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. पाया पडायला वाकता येईना, म्हणून किसनभाऊंना हात जोडले.

त्यांनी डोळे पुसले आणि फळी उचलली. "सरक बाजूले. ट्रक उभा आहे केव्हाचा."